मुराबितांचं पाणी
बहात्तरच्या दुष्काळात चौसाळ्याच्या खडीकामावर ख्वाजा मास्तर पाणी सोसायटीसाठी बायाबापड्यांचे अंगठे घेत होते. मंजुळाबाई तयार होईना.

"आमी भांडकुदळ माणसं, मास्तर. आमचं काई टिकत न्हाई."

"आफ्रिकेच्या वाळवंटातल्या बर्बर टोळ्याबी अशाच भांडायच्या," मास्तर म्हणाले. "एक झाल्या, अन् मुराबित म्हणून पार स्पेनपर्यंत राज्य केलं. माराकेश शहर वसवलं, जमिनीखालून पाट काढून तिथं पाणी आणलं."

"किती टिकलं राज्य?"

"शंभरएक वर्षं."

"बगा!"

"पाट मात्र अजून वाहतात, बाई."

अंगठा उमटवून मंजुळाबाई पलीकडं खडी फोडणाऱ्या धाकट्या जावेकडं गेली. विहिरीवरून दोघींचा अबोला तीन वर्षांचा होता.

"सावित्रे, ऊठ. तुजाबी अंगठा लागतोय."