चढणीचे मासे

"पावसाळ्यात ओढ्याला चढणारे, अंड्यांनी भरलेले मासे कुणी धरले, तर काय कराल?" मत्स्य खात्याच्या मुलाखतीत साहेबांनी विचारलं.

"कारवाई करीन, सर. माझा बाप असला तरी."

साहेब खूश झाले. रविनाची निवड झाली.

रविवारी ती बारवी धरणाजवळच्या फार्महाऊसवर गेली. तिची आई तिथं स्वयंपाकाला होती. कढईत ती गाभोळीनं फुगलेले मासे तळत होती.

"आई, हे चढणीचे?"

"पाहुण्या साहेबांनी फोन करून मागवलेत. तुझा बा पहाटंच ओढ्यावर गेलता."

"थांब, मीच सांगते त्यांना!" रविना ताट घेऊन तरातरा बाहेर गेली आणि जागीच थिजली.

खुर्चीत मुलाखतीतले तेच साहेब बसले होते. त्यांनीही तिला ओळखलं. हसले.

"अजून जॉइन नाही ना झालात, मॅडम? मग वाढा."