रुखवतातला राउटर

"याच्यावर बी नाव घाला," म्हणत चिमाबाईनं पिशवीतून राउटर काढला आणि काउंटरवर, स्टीलच्या ताटांच्या चवडीशेजारी ठेवला.

कामशेतच्या त्या भांड्यांच्या दुकानात नाव घालायचं मशीन हातात धरून दुकानदार अतुल दोन शिंगांच्या त्या पांढऱ्या डब्याकडे बघतच राहिला. तिच्या मुलाला, राजेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच्या पोरीच्या, सृष्टीच्या लग्नाची भांडी घ्यायला आलेल्या आईनं हे काय काढलं?

"आये, हे वायफाय हाय. भांडं न्हाई."

"आंधळी न्हाई मी. नातीसाटी माज्या पैशानं आणलंय."

"आगं, पन त्यांच्या घरात हाय की. कंपनीकडनं भाड्यानं घेतलाय. सोपानभाऊ म्हनले न्हाई का?"

सोपानभाऊ म्हणजे सृष्टीचा होणारा सासरा. तळेगावचा. बैठकीत तो आणखीही एक बोलला होता. सृष्टी घरात बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते, त्याचं लग्नानंतर काय, असं चिमाबाईनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बघू." या एका 'बघू'खाली किती पोरी गाडल्या गेल्या, कोणी मोजत नाही. पुरुषांनी फुरका मारून चहा प्यायला. सृष्टीची होणारी सासू शुभदा खाली मान घालून कपबशा उचलत राहिली. चिमाबाईला कळायचं ते कळलं. भाड्याचा डबा सासऱ्याच्या नावावर. उद्या त्यानं तो बंद केला की पोरगी चुलीपाशी.

चिमाबाईनं कुसगावच्या एका बंगल्यात तीस वर्षं भांडी घासली होती. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. अक्षरं शिकली ती बंगल्याच्या मागच्या ओट्यावर. पाच हातांवरचं दिसणार नाही असं धुकं, हाताला चिंच आणि राख. बंगल्यातल्या बाई आतून म्हणायच्या, "शारदा लिहिलेलं पातेलं आण गं," आणि ती एकेक पातेलं फिरवून बघायची. चुकायची. परत बघायची. कुणाचं बारसं, कुणाची मुंज, कुणाची साठी, सगळं घराणं पितळेवर लिहिलेलं. मग धुकं उठायचं, ऊन यायचं, आणि घासलेली अक्षरं लखलखायची. एखादं नाव आपलं आपण वाचता आलं की ती एकटीच हसायची. पाठ मोडायची, पगार दीडदमडीचा, पण तसं हसू तिला पुन्हा कधी आलं नाही.

मग एक दिवस तिनं स्वतःच्या घरची घागर वाचली. आईनं दिलेली. इंदुरीच्या माहेरून कान्ह्याच्या सासरी डोक्यावर आणलेली. तिच्यावर नाव होतं सासऱ्याचं. पुढं तिचा नवरा केरबा भावापासून वेगळा निघाला. म्हातारा थोरल्याकडं राहिला, म्हणून त्याच्या नावाचं भांडं न् भांडं थोरल्याकडं गेलं. घागरही गेली. वाचता येत होतं म्हणून जास्त लागलं.

"आजी, प्लॅस्टिकवर उमटेल," अतुल म्हणाला. "पण वॉरंटी जाईल."

"जाऊ दे."

"जावईबापूंचंच घालू ना? ताटांवर तेच घातलंय."

"सृष्टी घाल. लई झालं तेवढं."

लग्नाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, जेवणं झाली आणि तळेगावच्या बायका रुखवत बघायला जमल्या. चकल्यांचा मनोरा, स्टीलचे डबे, हंडा-कळशी आणि मधोमध राउटर.

"अगं बाई, यात काय आमटी करायची का?" एकजण म्हणाली. हशा पिकला.

हशा ऐकून सोपानभाऊ पुढं आला. "हे कशाला? आपल्याकडं आहे की. राहू द्या इथंच." मग सृष्टीकडं न बघताच म्हणाला, "तिला आता काय लागतंय?"

व्याह्यांचा शब्द खाली पडू नये म्हणून राजेंद्र डबा उचलायला वाकलासुद्धा.

त्याच्या आधी शुभदानं उचलला. तिनं पदरानं तो पुसला, अक्षरांवरून बोट फिरवलं. नवरीकडं पाहिलं.

"माझ्या रुखवतात शिलाई मशीन होतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "त्याच्यावर यांचं नाव घातलं होतं. दुसऱ्याच वर्षी यांनी ते विकलं. मी शेजारच्या खोलीत होते. मला विचारलंसुद्धा नाही."

शुभदा नवऱ्याकडं वळलीच नाही. डबा छातीशी धरून ती मुलाला म्हणाली, "गौरव, आपला भाड्याचा डबा उद्या कंपनीला परत कर. आपल्या घरात हा लागणार. आणि तुझ्या बाबांना सांग, पासवर्ड सृष्टीला विचारायचा."