गस्त

ऊसतोड झाली तसा बिबट्या गावाकडे फिरकेनासा झाला. "मंग आता गस्तवाल्यांना घरटी बाजरी कशापायी द्यायची?" सहादेवनं बैठकीत सरळ विचारलं. गस्तीचा म्होरक्या रंभाजी नुसता हसला. सहादेवच्या बायकोला, राहीबाईला, ते हसणं आवडलं नाही.

सकाळी त्यांच्या अंगणात, पार दारापर्यंत, बिबट्याचे ठसे उमटले होते. राहीबाई वाकून बघत राहिली. सगळे ठसे उजव्याच पायाचे होते, डावा कुठंच नव्हता.

"ह्यो बिबट्या न्हाई," ती हळूच म्हणाली.

सहादेवचा जीव भांड्यात पडला. "मंग भ्यायचं कारन न्हाई."

राहीबाईनं ठसे झाडून टाकले आणि गस्तवाल्यांसाठी बाजरी काढायला बसली.

"बिबट्या असता, तर दार लावून भागलं असतं."