बिटाचा वाफा

“इथलं काही खाता का तुम्ही?” माती तपासायला आलेल्या मुलीनं वाफ्यात नळी ठोकता ठोकता विचारलं.

“छे, छे. शोभेचं आहे सगळं,” म्हातारा घाईघाईनं म्हणाला.

शोभेचं! समोर बीट तरारलेलं, शेजारी काठ्यांना टोमॅटो लगडलेले. खोटं बोलायचं तर निदान बघून तरी बोलावं माणसानं. पण उभ्या जन्मात सवय नाही, आता कुठून जमणार?

भिंतीपलीकडचा, खाडीकाठचा बॅटऱ्यांचा कारखाना पाडून झाला होता. म्हाताऱ्याची सगळी हयात त्यात गेली. आता तिथे टोलेजंग इमारती होणार, पाण्याकाठी बाग होणार, म्हणून कामगारांच्या या घरांचीही माती तपासत होते. कालच्या सभेत एका डॉक्टरांनी सांगितलं, कारखान्याचं शिसं इथल्या मातीत मुरलंय, ते भाजीत उतरतं आणि लहान मुलांचं रक्त कमी करतं. म्हातारा सभेतून मधेच उठला. घरी बायकोनं विचारलं, काय म्हणाले? तर म्हणे, चहा फार गोड होता.

दुसरं काय सांगणार बिचारा? त्यांचा एकुलता एक मुलगा आठव्या वर्षी गेला. फिकट पडत पडत गेला. रक्त कमी आहे, एवढंच दवाखान्यात सांगायचे. तेव्हा तिनं स्वतःच्या हातानं हा वाफा केला होता. बिटानं रक्त वाढतं म्हणून रोज दोन्ही वेळा बीट. आई असावी तर अशी, म्हणायची सगळी वसाहत.

ओले हात झटकत बायको परसात आली.

“अहो, शोभेचं काय? डोकं ठिकाणावर आहे ना?” मग मुलीकडे वळून म्हणाली, “यांचं काही ऐकू नकोस गं. जन्म गेला आमचा ही भाजी खाऊन. किती वाळलीयेस! हे घे, दोन बिटं घेऊन जा घरी.”

तिनं वाफ्यातून दोन बिटं उपटून पुढे केली. मुलीनं हातमोजे घातलेले हात मागे घेतले.

“नको काकू.”

“घे गं, लाजतेस काय?”

“नको, खरंच नको.”

“अगं, यांना कुणाकडून काही घेता येत नाही. नियम असतो,” म्हातारा मधे पडला.

मुलीनं त्याच्याकडे पाहिलं. “हो काकू, नियम आहे,” ती म्हणाली आणि मातीच्या बाटल्या पिशवीत भरू लागली.

तो तिला फाटकापर्यंत सोडायला गेला. “रिपोर्ट माझ्याच हातात द्या. तिला कळता कामा नये. पाया पडतो तुमच्या.”

परत आला तेव्हा बायको वाफ्याच्या कडेला बसली होती. ती दोन बिटं अजून तिच्या हातात होती.

“शेजारीण पण आली होती कालच्या सभेला,” ती म्हणाली.

म्हातारा तिच्याजवळ मातीत बसला.

“त्या पोरीनं बीट घेतलं असतं ना, तर म्हटलं असतं, खोटं आहे सगळं.”

म्हाताऱ्याला रडू फुटलं. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिचे डोळे कोरडेच होते.

“नको नको म्हणायचा हो तो,” ती म्हणाली. “मी मांडीवर दाबून धरून भरवायचे.”