धुक्याचा प्रवेश

शनिवारी सायंकाळी, नदीकाठच्या जुन्या नाट्यगृहात, एका पिढीनंतर पुन्हा उभ्या राहणाऱ्या नाटकाची रंगीत तालीम व्हायची होती. इतर मंडळी रंगपटात असतानाच बाई रंगमंचावर येऊन उभ्या राहिल्या. अनवाणी आणि एकट्या.

नाटक दीपगृहाच्या रखवालदाराच्या वृद्ध पत्नीचे होते. ती भूमिका बाईंनी तरुणपणी गाजवली होती. तेव्हा केसांना पांढरा रंग लावावा लागे. आता तेवढा त्रास वाचला होता.

दिग्दर्शिका त्यांची भाची, धाकट्या भावाची मुलगी. गेल्या आठवड्यात तिने बाईंना खिडकीपाशी बसवून विचारले होते.

"आत्या, खरं सांग. विसरायला होतंय का? दोनदा तू मेजरकाकांचं वाक्य संपायच्या आतच सुरू केलंस. आणि धुक्याच्या प्रवेशात तर नुसती उभीच राहिलीस."

"तो तुझा धुक्यासाठीचा धूर जरा कमी कर. घशात जातो माझ्या."

"विषय बदलू नकोस हं."

"अगं, मला सगळं नाटक पाठ आहे. माझंच नाही, सगळ्यांचं. घे हवी तर परीक्षा."

"घेईन. शनिवारी. नाही जमलं तर दुसरीला उभं करावं लागेल मला."

दुसरी, म्हणजे रोज तिसऱ्या रांगेत बसून हेच संवाद घोकणारी तरुण नटी. शिवाय ती चांगली होती.

विस्मरणाचा आरोप मोठा विचित्र असतो. मान्य करावा, तर वादच संपतो. नाकारावा, तर नाकारणाऱ्याच्या स्मृतीवर विश्वास कोण ठेवणार? म्हणून बाईंनी वाद सोडला. रोज आरशासमोर बसून त्यांनी सगळ्यांचे संवाद म्हटले. ही भूमिका गेली तर पुढची येणार नव्हती, हे त्यांना कुणी सांगायला नको होते.

रखवालदाराचे काम करणारा मेजर समोर येऊन उभा राहिला. त्याने कधीकाळी फौजी अधिकारी रंगवला होता, तेव्हापासून हे नाव आणि झुपकेदार मिशी त्याला चिकटली होती. मिशी बाईंच्या हट्टापायी परवाच उतरली, नाव उरले.

"राणीसरकार, मघापासून मागून हाका मारतोय. वळून बघायचं वेगळं मानधन पडतं का?"

"मागून हाका मारणाऱ्याला मी तरुणपणीही ओ दिली नाही."

"म्हणूनच मी बिनलग्नाचा राहिलो!"

तेवढ्यात भाचीने बाईंखेरीज सगळ्यांना पडद्यामागे बोलावले. मंडळी बराच वेळ बाहेर आली नाहीत. आली तेव्हा मेजरने नजर चुकवली. निर्णय आधीच झाला आहे, असे बाईंना वाटून गेले.

मग दिवे उतरले. धूर फळ्यांवरून वाहत आला आणि गुडघ्यांशी थबकला. दीपगृहाचा झोत संथपणे फिरत येई, रखवालदाराचा चेहरा उजळून टाकी आणि त्याला पुन्हा राखाडी करून पुढे जाई. सारे नाट्यगृह जणू पाण्याच्या तळाशी गेले होते. तळव्यांखाली फळ्या हलकेच थरथरत. तो कुठे आहे, हे बाईंना न पाहताही कळत होते.

"आज एकही जहाज दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे नाही, असं थोडंच आहे?"

"तू अजून वाट बघतेस?"

"मी कुठे बघते? दिवा बघतो. मी नुसती दिव्याजवळ बसते."

तो पाठ फिरवून धुक्यात शिरला. त्याचे खांदे वर गेले, खाली आले. बाईंनी आणखी एक श्वास जाऊ दिला आणि नेमके उत्तर दिले. त्यानंतर त्या अभिनय करीत नव्हत्या. त्या तिथे राहत होत्या.

दिवे पुन्हा लागले तेव्हा तिसऱ्या रांगेतली नटी डोळे पुसत होती. मेजरने बाईंचा हात धरला, तो सोडीना. हा निरोप आहे, असे त्या समजल्या.

भाची रंगमंचावर आली आणि अगदी समोर, उजेडात उभी राहिली.

"घेतली तुझी परीक्षा, आत्या."

"मग? कुठे चुकले?"

"कुठेच नाही. पण आज तुझ्याशिवाय कुणीही आवाज काढलेला नाही. नुसते ओठ हलवा, असं मीच सांगितलं होतं सगळ्यांना. आत्ताही मी तेवढंच करतेय."

बाईंनी तिच्या ओठांवरून नजर काढली नाही.

"भूमिका तुझीच."