बिनखर्चाचा परग्रहवासी

शॅनन या आयरिश गावातल्या वाचनालयात मी मुलांना जुने, कमी खर्चाचे ब्रिटिश विज्ञानपट दाखवतो. उडत्या तबकडीची दोरी दिसली की पोरं खिदळतात. आज मोबाइलवर आमचा स्वतःचा सिनेमा होणार होता. नातवाला, सारंगला, शास्त्रज्ञ व्हायचं होतं. पांढरा कोट तो घरूनच घालून आला होता. परग्रहवासी कुणालाही होता यावं म्हणून मी स्वयंपाकघरातल्या चंदेरी फॉइलचा पोशाख केला होता. "पोशाख कशाला, आजोबा?" शेजारची नीव्ह म्हणाली. "पैसे नसले की आहे तेच वापरायचं, तुम्हीच शिकवलंत. सारंग तसाही वेगळा दिसतो." सगळे हसले. सारंगनं कोट घट्ट धरला. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "आजोबांना घ्या. ते बोलतातही विचित्र." "ग्रँड!" नीव्हनं टाळी वाजवली. मी पोशाखाची घडी केली. "कॅमेरा जमिनीलगत ठेवा, बाळांनो," मी सांगितलं. "खालून परग्रहवासी मोठा दिसतो."