मान टाकलेली बदकं

"टाका पोत्यात आणि पुढं चला," मुकादम ओरडला. म्हातारा जागचा हलला नाही. मान टाकलेल्या बदकाच्या पंखाखाली दोन बोटं घालून, डोळे मिटून, तो तळ्याच्या गुडघाभर पाण्यात उभा होता.

सकाळपासून हेच चाललं होतं. बाकीच्या चौघांची मेलेल्या बदकांची सहा-सहा पोती झाली, याचं दुसरंही भरेना. पशुवैद्य बाईंनी बजावलं होतं, मेलेल्या पक्ष्यात अळ्या होतात, अळ्यांत विष साठतं, त्या खाऊन आणखी दहा पक्षी लुळे पडतात. अंधार पडायच्या आत पाण्यात एक मढं उरता कामा नये. उरलं तर तळ्यातले सगळे पक्षी जाणार आणि बोल मुकादमाला लागणार. म्हाताऱ्याला घरी पाठवायचं त्यानं पक्कं केलं. पण पगारी माणसाला काढणं सोपं. आपणहून राबायला आलेल्याला काढायचं तर तोंड कुठून आणायचं?

हा रोज जुन्या सायकलवर बायकोला मागं बसवून यायचा. बायको काठावर, सावलीत, आजारी बदकांच्या माना गुंडाळलेल्या टॉवेलवर टेकवून चोचीत थेंब थेंब पाणी सोडायची, आणि हातांपेक्षा तोंड जास्त चालवायची. टोपी घाला. घसराल. जन्मात एक काम वेळेवर केलं नाहीत. म्हातारा चकार शब्द काढत नसे. मुकादमाला त्याची दयाच यायची. याच्या निम्म्या बोलण्यावर त्यानं स्वतः घरी ताट आपटलं असतं.

शेवटी तो स्वतःच पाण्यात उतरला. "काका, मेलंय ते. दिसत नाही का?"

"हळू बोला," म्हातारा म्हणाला. "ऐकू येतंय त्याला."

चौघंही हसले. म्हाताऱ्यानं ते बदक काठावर बायकोकडे दिलं. परत येताना तो मुकादमाजवळच्या भरलेल्या पोत्यापाशी थांबला, पोत्याची गाठ सोडली, वरची दोन बदकं बाजूला केली, तिसऱ्याच्या पंखाखाली मुकादमाची बोटं धरून ठेवली.

धुकधुक होती. हातमोज्यातूनही कळत होती.

मुकादमाचा सकाळपासूनचा तोरा तिथंच उतरला. त्यानं सगळी पोती उघडायला लावली. आणखी चार जिवंत निघाली. काम तासभर लांबलं, पण उजेड होता तोवर पाणी साफ झालं.

"तुम्हाला कसं कळलं?" हात धुताना त्यानं विचारलं.

म्हाताऱ्यानं सांगितलं. वीस वर्षांपूर्वी खराब झालेल्या डबाबंद खाण्यातून हेच विष त्याच्या पोटात गेलं होतं. पापणीसुद्धा उचलवेना. याला आता काही कळत नाही, असं डॉक्टर म्हणाले. भाऊ आणि बहिणीचा नवरा खाटेशेजारीच त्याची सायकल कुणी न्यायची यावर भांडत होते, आणि तो एकेक शब्द ऐकत होता. फरशी पुसणाऱ्या बाईची बादली त्याच्या पायाला लागली. अंगठा हलला, तो तिनं एकटीनं पाहिला. पोछा उगारून ती सगळ्यांना म्हणाली, हळू बोला, ऐकू येतंय त्यांना.

"देवासारखी भेटली," मुकादम म्हणाला. "पुढं कधी गाठ पडली का?"

काठावरून आवाज आला, गप्पाच मारायच्या होत्या तर घरी काय वाईट होतं. म्हाताऱ्यानं हनुवटीनं तिकडं दाखवलं.

"त्या दिवशी तिनं सगळ्यांना गप्प केलं," तो म्हणाला. "तेव्हापासून एकटीच बोलतेय. आणि मला ऐकायला मिळतंय."